रॅकमधील ध्वनिवर्धक आणि हवेची वाट : बीदर-कलबुर्गी सीमाभागातील सभागृहांच्या संदर्भात

प्रास्ताविक

बीदर जिल्ह्यातील भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, औराद आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमाभागात सभागृहाशिवाय महाविद्यालयाचे काम चालत नाही. व्याख्याने, स्नेहसंमेलने, मुशायरे, पालकसभा हे सारे तेथेच होते. पूर्वी टेबलावर एक अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन भोंगे एवढ्यावर भागत असे. आता बहुतेक ठिकाणी 19 इंच रुंदीचा लोखंडी रॅक असतो व त्यात एकावर एक तीन-चार अ‍ॅम्प्लिफायर बसविलेले असतात. त्याबरोबर एक तक्रारही नेहमीची झाली आहे. कार्यक्रम रंगात आला की आवाज जातो, वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप परत येतो आणि पुन्हा जातो. मग यंत्र दुरुस्तीला जाते, ट्रान्झिस्टर बदलले जातात आणि तेच यंत्र पुन्हा त्याच कपाटात ठेवले जाते.

या तक्रारीचे कारण पुष्कळदा यंत्रात नसून यंत्र ठेवण्याच्या पद्धतीत असते. असे असताना दोष मात्र कंपनीला किंवा मायक्रोफोन सांभाळणाऱ्या शिपायाला दिला जातो. प्रस्तुत लेखात रॅकमधील अ‍ॅम्प्लिफायर थंड राखण्यासाठी हवेचा प्रवाह कसा असावा याचे विवेचन केले आहे. भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स व तांत्रिक प्रमाणपत्र अभ्यासक्रम शिकविणाऱ्या अध्यापकांना त्यातील आकडेमोड वर्गात व प्रयोगशाळेत वापरता येईल. सभागृहाची खरेदी ज्यांच्या सहीने होते त्या अध्यापकांना ती अधिकच उपयोगी पडेल.

उष्णता किती निर्माण होते?

आवाज लहान ठेवला म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर थंड राहतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे क्लास एबी प्रकारच्या यंत्रांबाबत ती चुकीची आहे. आदर्श क्लास बी मंडलाची कार्यक्षमता पूर्ण क्षमतेस 78.5 टक्के असते आणि ती विद्युतदाबाच्या प्रमाणात कमी होत जाते. समजा, 500 वॉटचे दोन चॅनेल असलेले, म्हणजे एकूण 1000 वॉटचे यंत्र आहे. ते पूर्ण क्षमतेने चालले तर वीज सुमारे 1273 वॉट घेईल व 273 वॉट उष्णता होईल. तेच यंत्र एक-अष्टमांश क्षमतेने, म्हणजे 125 वॉट देत चालले तर कार्यक्षमता 28 टक्क्यांच्या खाली येते, वीज सुमारे 450 वॉट लागते आणि उष्णता होते 325 वॉट. आवाज कमी, पण उष्णता अधिक. सर्वांत जास्त उष्णता 40 टक्के क्षमतेच्या आसपास होते व ती 405 वॉटपर्यंत जाते. हे गणित साइन तरंगासाठी आहे. प्रत्यक्ष संगीताची सरासरी शक्ती साधारणपणे एक-अष्टमांशाच्या जवळपास धरण्याचा प्रघात आहे. भाषणात मध्ये मध्ये विराम असल्याने ती त्याहून कमी भरते.

अशी तीन यंत्रे एका रॅकमध्ये असली तर एकूण उष्णता 975 वॉट होते. हिवाळ्यात खोली गरम करण्याच्या हीटरची एक कांडी 1000 वॉटची असते. तेव्हा कोणी मे महिन्यात बंद कपाटात हीटर लावून ठेवला तर काय होईल, हा प्रश्न विचारला म्हणजे पुढचे सारे समजते.

नव्या क्लास डी प्रकारच्या यंत्रांत उष्णता पुष्कळच कमी होते. नवीन खरेदी करताना तो विचार अवश्य व्हावा. परंतु संस्थांकडे असलेली यंत्रे दहा-पंधरा वर्षे वापरात राहतात, हे लक्षात घेऊन येथे क्लास एबीचाच हिशेब धरला आहे. स्पीकर वाढविताना ते समांतर जोडत गेल्यास, अथवा 100 व्होल्ट लाइनवर यंत्राच्या क्षमतेपेक्षा जास्त वॉटचे भोंगे टांगल्यास, उष्णता याहूनही वाढते. रात्री उशिरा विजेचा दाब 230 वरून 250 व्होल्टपर्यंत चढला तर तेवढ्याच आवाजासाठी यंत्र आठ-नऊ टक्के जास्त वीज खाते. ही जास्तीची वीज सारी उष्णतेतच जाते, कारण आवाज तेवढाच असतो.

ऋतूचा व उंचीचा फरक

हुमनाबादजवळील माणिकनगर येथे श्री माणिकप्रभूंच्या स्थानी दत्तजयंतीला संगीताचा दरबार भरतो. तो मार्गशीर्षात, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास असतो. रात्रीचा गारवा यंत्रांचे अर्धे काम करून टाकतो. याउलट कलबुर्गीच्या ख्वाजा बंदानवाज यांच्या उरुसाचा जिल्काद महिना सौर वर्षाच्या मानाने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2023 ते 2025 या तीन वर्षांत तो मेच्या मध्यापासून जूनच्या प्रारंभापर्यंतच्या काळात आला. आणखी काही वर्षांनी तो हिवाळ्यात येईल. सांगण्याचा मुद्दा एवढाच की डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात रॅक नीट चालला म्हणून तो मेच्या कार्यक्रमातही चालेल असे नाही. कलबुर्गीत उन्हाळ्यात पारा 42 अंशांच्या पुढे जातो. बीदर पठारावर असल्याने थोडे सौम्य, तरी दुपारचे 40 अंश तेथेही नवीन नाहीत.

बीदरची उंची मात्र यंत्रांना थोडी प्रतिकूल ठरते. समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांहून अधिक उंचीवर व 40 अंशांच्या उन्हात एक घनमीटर हवेचे वजन सुमारे 1.04 किलो भरते. पुस्तकांतील तक्ते 1.2 किलो धरून केलेले असतात. विरळ हवा कमी उष्णता वाहून नेते. म्हणून तक्त्यातील प्रवाहाच्या आकड्यात सुमारे 15 टक्के भर घालावी लागते.

किती हवा लागते?

बीदरच्या या हवेचे एक घनमीटर एक अंशाने तापविण्यास सुमारे 1045 ज्यूल लागतात. रॅकमध्ये 975 वॉट उष्णता असून आत जाणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेत 10 अंशांचा फरक चालेल असे धरले तर दर सेकंदाला 0.093 घनमीटर, म्हणजे 93 लिटर हवा लागते. पंधरा लिटरच्या सहा बादल्या हवा, दर सेकंदाला. बाजारातील पंख्यांवर प्रवाह घनफूट प्रति मिनिट या एककात लिहिलेला असतो. त्या एककात हे सुमारे 200 होतात. साधारण 120 मिलिमीटरचा विजेवरचा पंखा मोकळ्या हवेत 100 घनफुटांच्या आसपास देतो; पण समोर जाळी, धुळीची गाळणी व यंत्रांची अडचण आली की तो निम्म्यावर येतो. म्हणून दोन पंखे पुरतील असे कागदावर दिसत असताना चार लावावे लागतात.

गरम हवा आपोआप वर जाते, मग पंखा कशाला, असेही विचारले जाते. दोन मीटर उंचीच्या रॅकमध्ये आतली हवा बाहेरच्यापेक्षा 10 अंशांनी गरम असली तर त्यामुळे निर्माण होणारा दाब सुमारे 0.6 पास्कल भरतो. लहान पंखाही याच्या कित्येक पट दाब देतो. म्हणजे गरम हवा वर जाते हे खरे असले तरी तिचा जोर अगदी किरकोळ आहे, आणि गाळणी लावल्यावर तो उरतच नाही. ज्या यंत्रांना स्वतःचा पंखा नसतो व जी वरच्या जाळीतून श्वास घेतात, त्यांच्यावर-खाली मात्र या किरकोळ प्रवाहासाठी जागा सोडावीच लागते. रॅकची उंची यू या एककात मोजतात व 1 यू म्हणजे 44.45 मिलिमीटर. अशा दोन यंत्रांमध्ये एक यूची जाळीदार पट्टी बसवावी. टेबलावर ठेवायचे अ‍ॅम्प्लिफायर कपाटात एकावर एक रचले की वरच्याची जाळी मोकळी व खालच्याची बंद, असा प्रकार होतो. मशिदीत किंवा मंदिरात चोरीच्या भीतीने लाकडी पेटीत कुलूपबंद ठेवलेले यंत्र याच वर्गातले.

तीच हवा पुन्हा

पंखे वाढवूनही रॅक तापतच राहतो, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. त्याचे खरे कारण येथे आहे. यंत्राच्या मागून बाहेर पडलेली गरम हवा रॅकच्या बाजूच्या फटींतून, दोन यंत्रांमधील मोकळ्या जागेतून फिरून पुन्हा समोर येते आणि पंखा तीच हवा आत ओढतो. याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखा आहे. यंत्रातून जाताना हवा 10 अंशांनी तापते असे धरू. आत घेतलेल्या हवेपैकी निम्मी हवा परत आलेली असेल तर आत जाणारी हवा खोलीपेक्षा 10 अंशांनी गरम असते. पाऊण हवा परत आलेली असेल तर 30 अंशांनी. खोलीत 40 अंश असताना यंत्राच्या तोंडाशी 70 अंश, आणि मागून पडणारी हवा 80 अंश! येथे आणखी पंखे लावले तरी नवी हवा पावच मिळते.

यावर उपाय पंख्याचा नाही, पत्र्याचा आहे. समोरील प्रत्येक रिकाम्या जागेवर कोरी पट्टी बसवावी, रॅकच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या फटींत फोमची पट्टी चिकटवावी. समोरची थंड बाजू आणि मागची गरम बाजू यांच्यामध्ये भिंत उभी राहिली पाहिजे. स्वतःचा पंखा असलेल्या यंत्रांमध्ये मोकळी जागा सोडण्याची सवय या दृष्टीने उलट घातक ठरते. ती जागा म्हणजे गरम हवेची परतीची वाट होते. पंखा नसलेल्या यंत्रांसाठी वर सांगितलेला नियम येथे लावू नये. दोन्ही प्रकारची यंत्रे एकाच रॅकमध्ये ठेवण्याचा मोह टाळणे उत्तम.

दिशाही पाहावी लागते. काही यंत्रे समोरून हवा घेऊन मागे सोडतात. क्यूएससी कंपनीच्या आरएमएक्स मालिकेसारखी काही मागून घेऊन समोर सोडतात. दोन्ही एकाच रॅकमध्ये आली तर एकाने सोडलेला श्वास दुसरा घेतो. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ही दिशा दिलेली असते, पण ती पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत जाते. पुस्तिका नसल्यास उदबत्ती पेटवून यंत्राच्या जाळीपाशी धरावी. धूर कोठे ओढला जातो व कोठून ढकलला जातो हे लगेच दिसते. हीच उदबत्ती रॅकच्या फटींवरून सावकाश फिरविली तर गरम हवा कोठून परत येते तेही सापडते. हात भाजेल इतक्या गरम हवेच्या शोधात एरवी तासभर जातो, धुराने पाच मिनिटांत काम होते. मात्र पडद्यापासून व वायरींपासून दूर धरावी.

रॅकच्या माथ्यावर मागील बाजूस बाहेर हवा फेकणारे पंखे असले तर त्यांना हवा कोठून मिळते हेही पाहावे. मागील दाराच्या तळाला जाळी असेल तर पंखे तेथूनच गार हवा ओढून माथ्यातून सोडतात. यंत्रांजवळून ती जातच नाही. पंखे जोरात फिरताना दिसतात, आवाजही करतात, आणि यंत्रे तापत राहतात. अशा वेळी मागची जाळी पत्रा लावून बंद करावी.

आणि काचेचे दार. दिसायला सुरेख, कुलूप असलेले, समोरून हवा बंद करणारे. सभागृहाच्या उद्घाटनाच्या छायाचित्रासाठी ते ठीक आहे. त्यानंतर ते काढून जाळीदार दार बसवावे.

खोलीची हवा

कारेझ पाहण्यासाठी बीदरजवळ नौबादला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट दाखविता येते. जांभ्या दगडात खोदलेल्या, बहमनी काळातील या भूमिगत जलवाहिनीला, ज्याला तेथे सुरंग बावी म्हणतात, ठिकठिकाणी उभी विवरे आहेत. खोदकामाची माती त्यांतून वर काढता येई व आतल्या माणसांना हवा मिळे. हवेला येण्यास एक तोंड व जाण्यास दुसरे तोंड लागते, हे त्या कारागिरांना ठाऊक होते. सभागृहाच्या स्टेजशेजारील कोठीत रॅक ठेवताना नेमके हेच विसरले जाते.

अशी कोठी 15 घनमीटरची असली व तिच्यात 975 वॉटचा रॅक चालला तर, भिंतींनी काहीही उष्णता शोषली नाही असे धरल्यास, हवेचे तापमान दर 16 सेकंदांनी एक अंश वाढेल. भिंती पुष्कळ उष्णता घेतात म्हणून प्रत्यक्षात एवढे वेगाने घडत नाही. पण दोन तासांच्या कार्यक्रमात भिंतीही तापतात. रॅकमधून निघालेली हवा खोलीतून बाहेर गेलीच पाहिजे. हवा सेकंदाला एक मीटर वेगाने जावी असे धरले तर 93 लिटरसाठी सुमारे एक चौरस फूट निव्वळ मोकळी जागा लागते. दाराच्या तळाशी तेवढी जाळी व समोरच्या भिंतीत वर एक एक्झॉस्ट पंखा, एवढ्याने काम होते. जाळीच्या तारांनी अडविलेली जागा वजा धरावी. प्रत्यक्षात दीड फूट औरस-चौरस जाळी घ्यावी.

वातानुकूलन यंत्र बसविल्यास प्रश्न सुटतो का? एक टनाचे यंत्र 3500 वॉट उष्णता काढते, म्हणजे क्षमता भरपूर आहे. पण वीज गेल्यावर ध्वनियंत्रणा जनरेटरवर चालू राहते आणि वातानुकूलन बहुधा त्यावर नसते. नेमक्या त्याच वेळी बंद खोलीत हीटर चालू राहतो. म्हणून एक्झॉस्ट पंखा तरी जनरेटरच्या जोडणीवर घ्यावा. डेझर्ट कूलर या भागात मार्च ते मे कोरड्या हवेत चांगला चालतो, परंतु त्याची हवा थेट रॅकवर सोडू नये. पाण्याचे सूक्ष्म थेंब व त्यांतील क्षार सर्किटवर बसतात.

धूळ

जांभ्याची तांबडी धूळ बीदरकरांना सांगावी लागत नाही. ती हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये बसली की पट्टीभोवती गोधडी गुंडाळल्यासारखे होते. रॅकच्या आत हवा फेकणारे पंखे तळाशी समोर लावून त्यांपुढे गाळणी ठेवावी आणि बाहेर फेकणाऱ्या पंख्यांचा प्रवाह त्याहून कमी ठेवावा. असे केले की रॅकमध्ये दाब किंचित जास्त राहतो, फटींतून हवा बाहेर पडते आणि धूळ फटींतून आत येत नाही. गाळणी पंख्याच्या तोंडाएवढीच घेतली तर ती लवकर बुजते. तिचे क्षेत्रफळ चौपट घ्यावे.

तापल्याने काय बिघडते?

प्रयोगशाळेत हाताशी असणाऱ्या 2एन3055 या ट्रान्झिस्टरवरून हे दाखविता येते. त्याच्या जोडाची कमाल मर्यादा 200 अंश, आणि जोड ते आवरण यांचा उष्णतारोध प्रति वॉट 1.52 अंश. त्यात 20 वॉट जिरवायचे, अभ्रक व पेस्ट यांचा रोध 0.5 आणि हीटसिंकचा 1.5 धरला, तर जोड भोवतालच्या हवेपेक्षा 70 अंशांनी गरम होतो. हवा 30 अंश असल्यास 100, हवा 70 असल्यास 140. हवेतील प्रत्येक अंश जसाच्या तसा जोडापर्यंत पोचतो. प्लॅस्टिक आवरणातील अनेक ट्रान्झिस्टरांची मर्यादा तर 150 अंशच असते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर त्याहून नाजूक: तापमान 10 अंशांनी वाढले की आयुष्य सुमारे निम्मे होते. 85 अंशांस 2000 तासांचा कपॅसिटर 65 अंशांस 8000 तास टिकतो.

यंत्र मर्यादेबाहेर तापू नये म्हणून कंपनी आत एक उष्णता-स्विच बसविते. आवाज जातो तो त्यामुळेच. कार्यक्रम थांबू नये म्हणून हा स्विच तारेने जोडून टाकणारे कारागीर भेटतात, आणि संयोजक त्यांचे आभारही मानतात. असे यंत्र पडदे, मंडपाचे कापड व लाकडी स्टेज यांच्या शेजारी शेकडो विद्यार्थ्यांच्या समोर चालू असते. दुरुस्तीहून आलेल्या प्रत्येक यंत्रात हा स्विच जागेवर व कार्यरत आहे याची खात्री संबंधित अध्यापकाने स्वतः करून घ्यावी. फ्यूजच्या जागी तार घातलेली नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

मोजणी

वरील सर्व व्यवस्थेसाठी दोन थर्मामीटर पुरतात. एक कोठीत दाराजवळ सावलीत, दुसरा सर्वांत वरच्या यंत्राच्या हवा घेण्याच्या तोंडाशी. यंत्रणा अर्धा तास नेहमीच्या आवाजात चालवून दोन्ही आकडे रॅकच्या दाराला अडकविलेल्या वहीत तारखेसह लिहावेत. हे काम इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांकडे पाळीपाळीने द्यावे. दोन आकड्यांत तीन अंशांपेक्षा कमी फरक असेल तर हवा परत येत नाही असे समजावे. फरक वाढत गेला की आधी पट्ट्या व फोम जागेवर आहेत का ते पाहावे, मग उदबत्ती फिरवावी. हवा आत घेणारी गाळणी मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी व एरवी महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून मगच परत बसवावी. जवळ एक जास्तीची गाळणी असली म्हणजे ओली गाळणी घाईने लावण्याची वेळ येत नाही.